मुक्काम रत्नागिरी

शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात राज्य बुडाले की धडा संपतो. खाली एक रेघ, आणि रेघेखाली स्वाध्याय. 'तिसऱ्या ब्रह्मी युद्धाची कारणे द्या.' मुले कारणे देतात, गुण मिळवतात आणि पुढच्या धड्याला लागतात. पण ज्याचे राज्य बुडाले तो माणूस त्या रेघेखाली शिल्लक उरलेलाच असतो. त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी उठायचे असते, तोंड धुवायचे असते, आणि मग मावळतीपर्यंत काय करायचे ते ठरवायचे असते. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याचे राज्य गेले तेव्हा तो पुरता सत्तावीस वर्षांचाही नव्हता. राज्य केले त्याने सात वर्षे. राज्य गेल्यावर जगला एकतीस. आणि त्या एकतिसांतली साडेतीस वर्षे गेली आपल्या कोकणात, रत्नागिरीस.

त्या सात वर्षांवर इंग्रजांनी भरपूर लिहिले. गादी का काढून घेतली याचे समर्थन करायचे तर लिहिणे भागच होते. साडेतीस वर्षांकडे मात्र बराच काळ कुणी पाहिले नाही. सुधा शहा यांनी २०१२ साली या कुटुंबाच्या वनवासावर इंग्रजीत एक भरघोस पुस्तक लिहिले, तेव्हा कुठे हा दुसरा भाग जगाला नीट कळला. मला या गोष्टीत रस आहे तो राजा गेला कसा यापेक्षा राजा राहिला कसा यासाठी. धावपळीच्या जागेवरून उठून संथ जागी जाऊन बसणे हे काही फक्त राजांच्या वाट्याला येत नाही.

पहिल्यांदा मंडालेचे वर्णन केले पाहिजे, त्यावाचून पुढचे कळणार नाही. मंडाले काही प्राचीन नगर नव्हे. थिबाचे वडील मिंडान राजे यांनी १८५७ साली ते नवी राजधानी म्हणून वसवायला घेतले. चौकोनी तट, एकेक बाजू मैलाहून थोडी अधिक लांब, भोवती पाण्याने भरलेला रुंद खंदक, आणि मधोमध सबंध सागवानी राजवाडा. सिंहासनाच्या दालनावर सात मजली सोनेरी शिखर होते, आणि विश्वाचा मध्य नेमका त्या शिखराखाली आहे अशी ब्रह्मी लोकांची श्रद्धा होती. राजवाड्याच्या आवारात वेळ सांगणारा एक मनोरा होता. तळाला भोक असलेले भांडे पाण्यावर सोडायचे. ते भरून बुडाले की टोला पडायचा, नगारा वाजायचा. आपल्याकडे लग्नात घटिकापात्र मांडीत, तीच ही युक्ती. आपल्याकडे ते पात्र मुहूर्तापुरते पाण्यात पडे. तिथे अहोरात्र बुडत असे. दरबार, पहारे, दर्शने, भिक्षूंचे दान, सारे त्या टोल्यांवर चाले. राजाला आपला दिवस स्वतः भरावा लागत नसे. दिवस भरून त्याच्यापुढे येत असे.

थिबा हा मूळचा गादीचा वारस नव्हता. मिंडान राजांना मुले पुष्कळ, त्यांतला हा एक अभ्यासू मुलगा. काही काळ तो डॉक्टर मार्क्स या मिशनरी गृहस्थांच्या मंडालेतल्या शाळेत होता, तिथे क्रिकेट खेळे. पुढे चीवर घालून विहारात राहिला आणि १८७७ साली बौद्ध धर्मग्रंथांची अवघड परीक्षा उत्तीर्ण झाला. १८७८ च्या ऑक्टोबरात वडील वारले आणि राणीवशातल्या कारस्थानाने या मुलाला सिंहासनावर बसवले. त्याची राणी सुपयालत ही त्याची सावत्र बहीणच. ब्रह्मी राजघराण्यात रक्त बाहेर जाऊ नये म्हणून अशी लग्ने होत. पुढच्याच वर्षी, १८७९ च्या फेब्रुवारीत, गादीला धोका नको म्हणून सत्तर-ऐंशी राजबंधू आणि आप्त ठार करण्यात आले. राजाचा त्यात हात किती आणि सासूचा व राणीचा किती, यावर पंडित वाद घालतात. पण मुडदे पडले ते त्याच्या नावाने. हे इथे सांगून ठेवतो, नाही तर पुढची हकीकत फुकटची गोड होईल.

युद्धाला वेळ लागला नाही, म्हणून मलाही लागणार नाही. बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीने ठरल्यापेक्षा जास्त सागवान तोडले, असे म्हणून मंडालेच्या दरबाराने तिला जबर दंड ठोठावला. फ्रेंचांशीही दरबाराची बोलणी चालली होती. इंग्रजांना निमित्त हवेच होते. १८८५ च्या नोव्हेंबरात आगबोटींतून फौज इरावती नदीने वर गेली, पंधरवड्यात मंडाले पडले, आणि २९ नोव्हेंबरला राजा-राणीला बैलगाडीत बसवून नदीवर आणले. ज्या राजापुढे परक्या वकिलांनी जोडे काढावेत की नाहीत यावर वर्षानुवर्षे पत्रव्यवहार चालला, तो राजा आपल्याच राजधानीच्या रस्त्यातून बैलगाडीने गेला. लोक दोन्ही बाजूंना गुडघे टेकून रडत होते. १ जानेवारी १८८६ रोजी वरचा ब्रह्मदेश खालसा झाला. योगायोग असा, की त्या दिवशी थिबाने सत्तावीस वर्षे पुरी केली.

त्या वेळी तो मद्रासेत होता. तिथे चार महिने काढले, तिसरी मुलगी तिथेच झाली. मग पुढचा हुकूम आला: रत्नागिरी.

रत्नागिरीच का? इंग्रजांचे या बाबतीतले डोके थंड आणि हिशेबी होते. दिल्लीच्या बहादूरशहाला त्यांनी १८५८ साली रंगूनला नेऊन ठेवले. तो १८६२ मध्ये तिथेच वारला. आता ब्रह्मदेशच्या राजाला हिंदुस्थानात आणून ठेवायचे. राजाला त्याच्या माणसांपासून तोडायचे तर मध्ये समुद्र हवा, आणि जागा अशी हवी की तिथे येण्याचे कुणाला कारण पडू नये. रत्नागिरीला आगगाडी नव्हती. ती यायला अजून पुष्कळ वर्षे लागणार होती. मुंबईहून आगबोट येई, तीही पावसाळ्यात बंद. घाटावरून यायचे तर आंबा घाट उतरून बैलगाडीचा प्रवास. कलेक्टरकचेरी मात्र होती, पोलीस होते, तुरुंग होता. थोडक्यात, सरकार हजर आणि जग गैरहजर, अशी ही जागा.

एप्रिल १८८६ मध्ये राजा, दोन राण्या (धाकटी सुपयागले ही थोरलीची सख्खी बहीण), तीन मुली आणि काही दासदासी बंदरावर उतरल्या. थोरली मुलगी साडेपाच वर्षांची होती. चौथी पुढल्या वर्षी रत्नागिरीतच जन्मली. मुक्कामाला भाड्याचे बंगले घेतले होते. थोड्या दिवसांची सोय म्हणून घेतलेल्या त्या बिऱ्हाडात पुढली चोवीस वर्षे निघाली.

एप्रिल म्हणजे आंब्याचे दिवस. पाहुण्याला रत्नागिरी दाखवायची तर हाच महिना. पण दीड-दोन महिन्यांत मृग लागला. मंडालेचा मुलूख कोरडा, वर्षाचा पाऊस तीस-पस्तीस इंच. रत्नागिरीत शंभर इंचांच्या वर. कोकणातला पहिला पावसाळा परक्या माणसाची परीक्षा पाहतो. छपरावर एकसारखा आवाज, भिंतींना ओल, कपड्यांना वास, आणि समुद्र असा खवळलेला की क्षितिजावर एक शीड दिसायचे नाही. बंदर बंद म्हणजे बातमी बंद, पत्र उशिरा, ओळखीचे तोंड नाही. असे चार महिने, आणि तेही दर वर्षी.

पण आता बंगल्याच्या फाटकाबाहेर पाहा. त्याच पावसात रत्नागिरीकर काय करीत होते? मेमध्येच त्यांची आगोट सुरू झालेली. जळाऊ लाकूड आत घेतलेले, घरे शाकारलेली, सुकी मासळी, मीठमिरची, कुळीथ, आमसुले, साठे, पापड यांची बेगमी झालेली. मिरकरवाड्याच्या कोळ्यांनी होड्या वर ओढून झापांखाली झाकलेल्या आणि जाळी विणायला घेतलेली. पेरा, मग लावणी, गुडघाभर चिखलात दिवसभर वाकणे. आषाढात पोथी, श्रावणात सण, नारळीपौर्णिमेला दर्यात नारळ, गणपतीला मुंबईहून येणारा चाकरमानी. हा गाव संथ होता यात शंका नाही. पण त्याच्या संथपणात एक दिवस रिकामा नव्हता. भात आठ दिवसांत वाढत नाही म्हणून माणूस थांबतो, आणि थांबता थांबता जाळे विणतो. संथपणा म्हणतात तो हाच, आणि तो कामाच्या पोटातून येतो.

राजाला यांतले काहीच करायचे नव्हते, आणि करू द्यायचेही नव्हते. फाटकावर पोलिसांचा पहारा. बाहेर पडायचे तर परवानगी. कोण भेटायला आले, कोण गेले, कुणाचे पत्र आले, याची नोंद. देखरेखीला स्वतंत्र सरकारी अधिकारी. त्याच्या वाट्याला आला तो गावाचा संथपणा नव्हे, कैदेचा रिकामपणा. दोन्ही एकाच पावसात, एकाच गावात, एका फाटकाच्या दोन बाजूंना नांदत होते, आणि दुरून पाहणाऱ्याला सारखेच दिसले असते.

(आज मुंबई-पुण्याहून निवृत्त झालेली मंडळी कोकणात हौसेने घर बांधतात, गॅलरीतून समुद्र दिसेल असे. पहिले वर्ष फार सुखाचे जाते. दुसऱ्या पावसाळ्यात मात्र काहींना प्रश्न पडू लागतो की समुद्राकडे रोज किती वेळ पाहायचे? अशांतले जे वाडीतल्या ग्रंथालयाच्या कमिटीवर जातात, शेजाऱ्याच्या कलमांना पाणी घालतात किंवा देवळाच्या हिशेबाची वही हाती घेतात, ते टिकतात. बाकीचे घर विकायला काढतात. त्यांच्या फाटकावर पोलीस नसतो, एवढे त्यांचे नशीब.)

मग राजाने तीस वर्षे केले काय? एक तर अर्ज लिहिले. भत्ता पुरत नाही, घर अपुरे आहे, आणि मंडाले सोडताना जे जडजवाहीर इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती सुरक्षित ठेवण्यासाठी दिले ते परत मिळावे. 'नगा मौक' नावाचे जगप्रसिद्ध माणिक त्या गडबडीत जे नाहीसे झाले ते आजतागायत सापडलेले नाही. अर्ज कलेक्टरकडून मुंबईला, मुंबईहून कलकत्त्याला जात, आणि उत्तर यायला पावसाळा मध्ये पडे. बहुतेक उत्तरे नकाराची असत. पण मला वाटते, उत्तराची वाट पाहणे हाच त्या माणसाचा मोठा उद्योग होता. मंडालेतल्या टोल्यांची जागा टपालाने घेतली होती.

दुसरे म्हणजे जवळ उरलेली रत्ने विकली. हातात राजाची सवय आणि पदरी मोजका भत्ता, अशी परिस्थिती असली की दुसरे काय होणार? माणके गावातल्या सावकार-सराफांकडे जात, भाव ते सांगतील तो. कर्जही झाले. रत्नागिरीकरांच्या आतिथ्याचे गोडवे गाताना ही बाजू आपण लपवतो. ती लपवू नये. ज्याला बाजारात जाण्याची परवानगी नाही त्याला बाजारभाव कुठून कळणार?

आणि तिसरे, देवघर. बुद्धाची मूर्ती आणि पाठ. तरुणपणी विहारात जे शिकला ते त्याच्याजवळ होते. मनात येते, की या माणसाने लिहायला घेतले असते तर? पाली ग्रंथांत पारंगत, हाताशी तीस वर्षे, भोवती शांतता. आपण लिहिणारी माणसे अशी शांतता मिळावी म्हणून नवस बोलतो.

हा विचार उगाच सुचलेला नाही. इतिहासाने इथे एक अशी अदलाबदल करून ठेवली आहे की ती मी कादंबरीत घातली असती तर संपादकांनी 'फारच जुळवून आणलेले' म्हणून खोडली असती. १८५६ साली रत्नागिरीत जन्मलेल्या बाळ गंगाधर टिळकांना १९०८ च्या जुलैत राजद्रोहाची शिक्षा झाली, आणि सरकारने त्यांना नेऊन ठेवले ते मंडालेला! थिबाच्या त्याच तटबंदीतल्या तुरुंगात, त्याच खंदकाच्या आत. १९०८ पासून १९१४ पर्यंत मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत. एकाला पावसाने जीव नको झालेला, दुसऱ्याला तिथल्या उन्हाने आणि धुळीने. १९१२ साली टिळकांच्या पत्नी पुण्यात वारल्या. त्याच साली रत्नागिरीत धाकटी राणी सुपयागले वारली.

टिळकांनी त्या सक्तीच्या शांततेचे काय केले ते सांगायला नकोच. लाकडी खोलीत, पुस्तकांच्या ढिगाऱ्यात, १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहून काढले. जर्मन आणि फ्रेंच शिकले. आता कुणी म्हणेल, पाहा, थोर माणूस आणि सामान्य माणूस यांत हा फरक! मला ही तुलना इतकी सोपी वाटत नाही. टिळकांना शिक्षा होती सहा वर्षांची. सहा वर्षे म्हणजे किती महिने, किती दिवस, हे मोजता येते. इतक्या दिवसांत इतकी प्रकरणे, असा बेत करता येतो. आणि सुटल्यावर वाट पाहणारा देश होता, 'केसरी' होता, वाचक होते. थिबाला शिक्षा झालीच नव्हती. खटला नाही, आरोप नाही, म्हणून मुदतही नाही. उद्या बोलावणे येईल, परवा येईल, असे म्हणत काढलेली वर्षे ती. ज्याने अजून बिछाना नीट उलगडलेलाच नाही तो ग्रंथ कुठून लिहिणार? आज ना उद्या परत जायचे आहे असे वाटत असेपर्यंत नव्या जागेचा वेग अंगी लागत नाही, आणि जायचे नाही हे सरकारने त्याला स्पष्टपणे सांगितले नाही. निदान त्याने ऐकले नाही.

शेवटी १९१० मध्ये राजवाडा झाला. भाट्याची खाडी आणि समुद्र दोन्ही दिसतील अशा उंच कड्यावर, जांभ्या दगडाची भक्कम इमारत. उतरती कौलारू छपरे, अर्धवर्तुळाकार कोरीव खिडक्या, आतल्या चौकात कारंजे. लाकूड ब्रह्मी सागवान असे रत्नागिरीत सांगतात. खरे असेल तर ज्या सागवानापायी राज्य गेले तेच अखेर खिडकीला आले. राजाने या घरासाठी वर्षानुवर्षे मागणी केली होती. पण घर मिळाले याचा दुसरा अर्थ तो काय समजला असेल? परत पाठवायचे असते तर सरकारने एवढे पक्के बांधकाम केले नसते.

मुलींची वयेही बोलू लागली होती. चौघीही उपवर होऊन गेल्या, पण राजरक्ताचा ब्रह्मी वर रत्नागिरीत आणायचा कुठून? १९१४ साली चौघींचा कान टोचण्याचा विधी राजवाड्यात थाटाने झाला. ब्रह्मदेशात तो मुलगी वयात येताना करतात. इथे थोरलीने तिशी ओलांडली होती. मंडालेच्या चालीरीती राजाने सोडल्या नाहीत, पण त्या सगळ्या वीस-वीस वर्षे उशिरा धावत होत्या. १९१६ च्या अखेरीस दुसरी राजकन्या राजाच्या पूर्वीच्या सेवेतल्या एका ब्रह्मी माणसाशी लग्न करायचे म्हणून राजवाडा सोडून कलेक्टरच्या बंगल्यावर निघून गेली आणि परत यायला तयार होईना. त्यानंतर थोड्याच दिवसांत, डिसेंबरात, राजा हृदयविकाराने वारला. वय सत्तावन्न.

राणी सुपयालत वेगळ्याच धातूची होती. ती रत्नागिरीत राहिली, पण रत्नागिरीला तिने शेवटपर्यंत हो म्हटले नाही. राजाचे आणि धाकट्या राणीचे शव तिने जमिनीत ठेवू दिले नाही. ब्रह्मदेशच्या भूमीवर नेईन तेव्हाच विधी होतील, असा तिचा हट्ट. शवपेट्या राजवाड्याच्या आवारातच राहिल्या. अखेर १९१९ च्या मार्चमध्ये सरकारने त्या ताब्यात घेऊन रत्नागिरीतच दफन केल्या, आणि मग राणीला परत जायची मोकळीक दिली. तेहतीस वर्षांनी ती रंगूनला उतरली आणि १९२५ साली तिथेच वारली. तिची समाधी रंगूनला, नवऱ्याची रत्नागिरीत. बहादूरशहाची कबरही रंगूनलाच, राणीच्या समाधीपासून फार लांब नाही.

एवढ्यावर ही गोष्ट संपली असती तर ती केवळ दुःखाची झाली असती. पण थोरल्या राजकन्येविषयी अजून लिहायचे आहे, आणि खरे तर या लेखाला मी बसलो तो तिच्यासाठी.

ती रत्नागिरीत आली तेव्हा साडेपाच वर्षांची होती हे वर सांगितलेच. मंडाले तिला आठवत असेल ते एखाद्या सोनेरी खांबाइतके, एखाद्या नगाऱ्याच्या आवाजाइतके. शाळा नाही, मैत्रिणी नाहीत, शिक्षण जेमतेम. ब्रह्मी दासी कंटाळून घरी परतत, त्यांच्या जागी गावातली माणसे कामाला येत. त्यांच्याकडून ती मराठी शिकली. आईबापांच्या दृष्टीने हा वनवास होता. हिच्या दृष्टीने ते घर होते. पावसाळा म्हणजे पावसाळा, आंबे म्हणजे आंबे. संथ कुणाच्या मानाने म्हणायचे? तिच्याजवळ मोजायला दुसरा वेगच नव्हता.

फाटकावर गोपाळ सावंत नावाचा दरवान होता. घरी बायको असलेला गृहस्थ. १९०६ साली राजकन्येला त्याच्यापासून मुलगी झाली. राजघराण्याच्या दृष्टीने, सरकारच्या दृष्टीने आणि सावंताच्या भाऊबंदांच्या दृष्टीनेही हे भलतेच झाले, आणि त्याचे मी समर्थन करायला निघालेलो नाही. सावंताच्या घरच्या बायकोवर काय गुदरले असेल ते इतिहासात लिहिलेले नाही, पण ते समजायला इतिहास लागत नाही. एवढेच म्हणतो की तीस वर्षांत त्या फाटकाच्या आतून बाहेर गेलेले असे हे एकच नाते. मुलीचे नाव टूटू. ती आजीआजोबांच्या घरातच वाढू लागली.

१९१९ मध्ये आईबरोबर थोरली राजकन्याही रंगूनला गेली, टूटूला घेऊन. तिथे काय नव्हते? विजेचे दिवे होते, मोटारी होत्या, राजकन्या म्हणून पायाशी बसणारी माणसे होती, आणि स्वतःची भाषा होती. वडील ज्या दिवसाची तीस वर्षे वाट पाहत मेले, तो दिवस तिला उजाडला होता. आणि ती परत फिरली. अल्पावधीतच मुलीला घेऊन ती पुन्हा रत्नागिरीत दाखल झाली. या वेळी तिला कुणी कैद करून आणले नव्हते.

सावंतासाठी आली, असे सगळे म्हणतात. असेल. मला ते अर्धेच कारण वाटते. एकोणचाळिसाव्या वर्षी माणसाला स्वतःच्या भाषेत पोरके व्हायचे नसते. रंगूनमध्ये ती थिबाची मुलगी होती. तिथल्या लोकांना तिच्याकडे पाहून मंडाले आठवायचे होते, आणि तिला स्वतःला मंडाले आठवत नव्हते. रत्नागिरीत लोक तिच्याविषयी कुजबुजत असतील, पण पाऊस केव्हा लागणार हे तिला त्यांच्याइतकेच कळत होते. सरकारी तनख्यावर, पुढे पुढे ओढगस्तीत, तिने उरलेली वर्षे तिथे काढली. १९४७ साली ती रत्नागिरीत वारली. त्याच्या दोन वर्षे आधी, १९४५ च्या मार्चमध्ये, युद्धाच्या धुमश्चक्रीत मंडालेचा सागवानी राजवाडा जळून खाक झाला होता. आज तिथे दिसतो तो नंतर बांधलेला नमुना. रत्नागिरीचा मात्र जागेवर आहे. सरकारी कामांसाठी वापरून झाल्यावर आता तिथे संग्रहालय आहे, आणि सहलीची मुले त्या चौकातल्या कारंज्याभोवती डबे उघडून बसतात.

टूटूने रत्नागिरीतच संसार केला. नवरा मोटारीच्या कामातला, घर साधे, मुले पुष्कळ, पैसा कमी. तिने कागदी फुले करून विकली, शेणी थापल्या. मंडालेच्या सिंहासनाची ही नात मराठी बोले, आणि शेजारणींना ती शेजारीण होती. अधूनमधून कुणी पत्रकार किंवा परदेशी पाहुणा घर शोधीत येई, तेव्हा गल्लीला आठवण होई की ही कोण. २००० साली, चौऱ्याण्णव वर्षांची होऊन, ती रत्नागिरीत वारली.

२०१२ च्या डिसेंबरात ब्रह्मदेशचे, म्हणजे आताच्या म्यानमारचे, अध्यक्ष थेन सेन हे रत्नागिरीला आले. थिबाच्या समाधीवर त्यांनी फुले वाहिली, आणि राजाच्या वंशातल्या माणसांना भेटले. राजाने ज्या बोलावण्याची वाट पाहिली ते त्याच्या मागे शहाण्णव वर्षांनी असे स्वतः चालत आले. भेटायला आलेली मंडळी रत्नागिरीकर होती. दुभाष्याला त्यांच्यासाठी मराठी लागली असणार.